राजपत्रात छापले, पण सापडले कुठे?

१९९७ सालच्या जुलै महिन्यात जयपूरमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. राजस्थानच्या खेड्यांतून आलेले मजूर आणि छोटे शेतकरी तिथे पन्नासहून अधिक दिवस धरणे धरून बसले होते. मागणी साधी होती. ग्रामपंचायतीच्या खर्चाच्या कागदांची झेरॉक्स प्रत आम्हांला मिळावी, एवढीच. अखेर उपमुख्यमंत्र्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितले, की असा नियम तर सहा महिन्यांपूर्वी, म्हणजे डिसेंबर १९९६ मध्येच राजपत्रात प्रसिद्ध झालेला आहे! धरण्यावर बसलेल्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

राजपत्रात छापले की ती गोष्ट सर्वांना कळली, असे कायदा मानतो. पण छापले जाणे वेगळे आणि हवे त्याला सापडणे वेगळे. आज राज्य सरकार, जिल्हा परिषदा, नगरपालिका, ग्रामपंचायती यांची अगणित कागदपत्रे इंटरनेटवर आहेत. ती शोधू लागले की हा फरक पावलोपावली जाणवतो. तेव्हा हे कागद इंटरनेटवर आले कसे, ते जरा पाहू.

सुरुवात झाली ती मजुरीच्या भांडणातून. राजस्थानात दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांना किमान वेतनाहून कमी पैसे मिळत. का, असे विचारले तर उत्तर येई, ‘मोजमाप वहीत तुमचे काम कमी भरले.’ मग वही दाखवा म्हटले, तर ती सरकारी कागद म्हणून गुप्त! राजसमंद जिल्ह्यातील देवडूंगरी या खेड्यातून १ मे १९९० रोजी उभ्या राहिलेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने नेमके हेच मर्म हेरले. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिच्या संस्थापकांपैकी. मजुरीचा प्रश्न हा मुळात कागदाचा प्रश्न आहे, हे त्यांच्या आणि गावकऱ्यांच्याही लक्षात आले.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेली मस्टरे (आपल्याकडे रोजगार हमीवर ज्याला हजेरीपट म्हणतात तीच) आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचायची, एवढीच तिची रीत. त्या वर्षीच्या आणि पुढच्या सुनवायांतून जे निघाले ते चकित करणारे होते. कधी कामावर न गेलेल्यांची नावे मस्टरवर होती, मेलेल्यांचीही होती. कागदावर पुरी झालेली बांधकामे प्रत्यक्षात अर्धवट होती. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. लेखापरीक्षक जयपूरहून आला असता तर त्याला बेरजा बरोबर आढळल्या असत्या. मस्टरवरचे अमुक नाव खोटे आहे हे ओळखू शकतो तो त्या माणसाचा शेजारी. म्हणून एकूण आकडा जाहीर करून भागत नाही, नावनिशीवार यादीच लागते, आणि तीही त्या गावाला वाचता येईल अशी.

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी कागद खुले करण्याचे आश्वासन दिले. वर्षभर आदेश निघेना, तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर गावात चाळीस दिवस धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथे दुमदुमली. त्यानंतरचा मुक्काम जयपूरचा, आणि तिथला तो राजपत्राचा प्रसंग.

पुढचा प्रवास पुष्कळांना ठाऊक आहे. तमिळनाडू आणि गोवा यांनी १९९७ मध्ये, राजस्थानने २००० मध्ये माहितीचे कायदे केले. महाराष्ट्राचा बळकट कायदा २००२ चा. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर माहितीचा अधिकार लागू झाला. या कायद्याची आठवण आपल्याला अर्ज करताना होते. परंतु त्याचे कलम ४ अर्जाविषयी नाहीच. प्रत्येक कार्यालयाने आपली रचना, अधिकार, अंदाजपत्रक, लाभार्थींचा तपशील अशी सतरा बाबींची माहिती कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध करावी, असे ते सांगते. प्रसिद्धीची साधनेही कायद्याने मोजली आहेत : सूचनाफलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा, इंटरनेट. ती स्थानिक भाषेचा विचार करून व सहज मिळेल अशी असावी, असेही म्हटले आहे. माझ्या मते संपूर्ण कायद्यात हेच कलम सर्वांत दूरदृष्टीचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

त्याच वर्षी संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून उभी केलेली योजना ही त्याची पूर्वज. या कायद्याखाली मजुरांची हजेरी व मजुरी नावानिशी संकेतस्थळावर येऊ लागली. जे मस्टर कोटकिरान्यात मिनतवारीने पाहायला मिळाले, ते आता कोणालाही पडद्यावर दिसू लागले. आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थान सरकारने ‘जन सूचना पोर्टल’ सुरू केले. जिल्हा, पंचायत समिती, ग्रामपंचायत निवडावी आणि कोणाला किती रेशन मिळाले, कोणाचे पेन्शन थांबले, हे अर्जावाचून पाहावे. ते घडवताना सरकारी खात्यांबरोबर त्याच संघटनेचे कार्यकर्ते बसले होते. कर्नाटकानेही मग ‘माहिती कणज’ नावाने असेच पोर्टल काढले.

आता आपल्या गावाकडे वळू. ‘ई-ग्रामस्वराज’ हे केंद्राचे पोर्टल २४ एप्रिल २०२० पासून आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि झालेला खर्च त्यावर पाहता येतो. अडचण येते ती नावाची. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात ढिगाने आहेत, शिवाय रोमन लिपीत त्यांची स्पेलिंगे निरनिराळी. अशा वेळी केंद्राच्या ‘लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी’तून आपल्या ग्रामपंचायतीचा सांकेतांक काढून घ्यावा, आकडा चुकत नाही. महाराष्ट्राच्या शासन निर्णयांनाही असा लांबलचक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. कोणी ‘शासनाचा जीआर आहे’ असे ठासून सांगितले, तर हा क्रमांक विचारावा. जुने निर्णय मात्र पुष्कळदा कागदाची नुसती छायाचित्रे असतात. त्यांतला शब्द यंत्राला वाचता येत नाही, म्हणून शब्द टाकून शोधले तर काहीच हाती लागत नाही. तिथे विभाग आणि तारीख यांवरूनच जावे लागते. वरच्या वर्गातील मुलांना आपल्या गावचा एक रस्ता निवडून त्याचा खर्च शोधायला सांगावे, आणि मग रस्ता जाऊन मोजायला सांगावे.

मुलांनी हे केले तर त्यांच्यासमोर नावे येतील, आणि नेमका तिथेच आज नवा वाद आहे. २००५ च्या कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारायला मर्यादा होत्या. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होत असेल तरच ती नाकारता येई, आणि जी संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे तिथे लिहिलेले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते शब्द वगळून केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच अपवाद ठेवला. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद दुसऱ्या पोटकलमात उरली आहे. आधार क्रमांक, बँक खाते, आजार या गोष्टी झाकल्याच पाहिजेत, यात शंका नाही. पण मस्टरवरचे नाव हीसुद्धा एका माणसाची वैयक्तिक माहितीच आहे, आणि ते झाकले तर खोटे नाव ओळखणारा शेजारी काय वाचणार?