मणी, दोरा आणि फेर : नशिराबादेतील एका हस्तकलेची हकीकत

दरवर्षीच्या स्मरणिकेत आपल्या परंपरागत व्यवसायाविषयी एखादा लेख असावा, असा प्रघात आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. नशिराबादेतील एका पटवेकरी घरात जन्मलो, लहानपणी वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून रेशीम पिळले, दागिने गाठले, आणि पुढे पोटासाठी दुसऱ्या उद्योगास लागलो, एवढाच आमचा अधिकार. तथापि जुने लेख चाळताना एक उणीव मनास लागली. त्यांत सोन्याचे वर्णन आहे, रेशमाचे आहे, आश्रयदात्यांचेही आहे. ज्या दोऱ्यावर हा सारा डोलारा उभा, त्या दोऱ्याची आणि तो फिरविणाऱ्या हातांची हकीकत मात्र फारशी नाही. ती थोडीबहुत सांगावी, हा या लेखाचा हेतू होय.

तरुण वाचकांपैकी पुष्कळांना पटवेकऱ्याचे काम आता ठाऊक नसेल, म्हणून प्रथम तेच सांगतो. सोनार मणी घडवी, पेट्या घडवी, पुतळ्या घडवी. पण ते सुटे नग गळ्यात घालण्याजोगे करणे हे पटवेकऱ्याचे काम असे. दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यास किंवा खुंटीस अडकवून तो ताणावयाचा आणि त्यावर नग गाठावयाचे, ही आमची बैठक. पुतळ्यांची माळ, चिंचपेटी, बोरमाळ, काळ्या मण्यांची पोत ही सारी याच हातांखालून जात. ठुशीचे काम त्यांत कठीण. सोन्याचे बारीक मणी तीत असे दाटून बसवावे लागतात की दोरा कोठेच दिसू नये. मागील सरक-गाठ आणि गोंडा उत्तम उतरला की गिऱ्हाईक संतुष्ट होई. परंतु दोरा दिसत नाही म्हणून तो ओवणाराही कोणाच्या ध्यानात राहत नसे.

येथे ओवणे आणि विणणे यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. ओवण्यात दोरा प्रत्येक मण्यातून एकदाच जातो. तो तुटला की सारे मणी अंगणभर होतात. विणण्यात तोच दोरा फिरून शेजारच्या फेरातील मण्यात शिरतो, एकेका मण्यातून दोनदा, कधी तीनदाही जातो. म्हणून एके ठिकाणी दोरा झिजला तरी उरलेले काम बहुधा शाबूत राहते. पुरुषांची दुकानातील विद्या मुख्यतः ओवण्याची आणि गाठण्याची. घरातील स्त्रियांची विद्या विणण्याची. एकाच वाड्यात या दोन विद्या पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या, पण त्यांची गाठ कोणी घातली नाही. या लेखाचे मर्म याच गोष्टीत आहे.

आमच्या खानदेशात मण्यांचा इतिहास किती मागे जातो, हे पाहून आश्चर्य वाटते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे, जेथे भास्कराचार्यांच्या विद्येचे स्मरण ठेवणारा शिलालेख आहे, त्याच परिसरात पुराणवस्तुसंशोधक श्री. साळी यांनी १९७० नंतरच्या दशकात उत्खनन केले. तेथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. त्यांचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानतात. शेतीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी या भूमीवरील मनुष्य कवचास भोक पाडून मणी करीत होता, असा याचा अर्थ. गिरणाकाठचे बहाळ आणि तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथेही १९५० नंतरच्या दशकात उत्खनने झाली आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आले. त्या थरांतही मणी आहेत.

मणी टिकतो, दोरा कुजतो. म्हणून वस्तुसंग्रहालयात जी माळ आपण पाहतो ती पुष्कळदा आजच्या दोऱ्यात ओवलेली असते. याला एक अपवाद महाराष्ट्रातच सापडला. प्रवरेकाठच्या नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तेथील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि तांब्याच्या क्षारांमुळे तिचा दोरा अंशतः टिकून राहिला होता. त्याची परीक्षा केली तेव्हा त्यात कापसाबरोबर रेशमाचेही तंतू असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी १९६१ साली प्रसिद्ध केला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा मातेने आपल्या मुलाच्या गळ्यात ती घातली असेल. ती कोणी ओवली हे कळण्यास मार्ग नाही. पण तिने किंवा त्याने दोरा निवडताना विचार केला होता, एवढे त्या तंतूंवरून दिसते.

दूरदेशीचा दाखला द्यावयाचा तर इजिप्तचा देता येईल. गिझा येथील एका थडग्यात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या देहावर मण्यांच्या जाळीचे वस्त्र होते. दोरा पूर्ण नष्ट झाला होता, परंतु काही मणी मूळच्या जागी तसेच पडून राहिले होते; त्यांच्या मांडणीवरून संशोधकांनी ती जाळी पुन्हा विणली. वीण एकदा नीट कळली की गेलेला दोराही परत आणता येतो, हा त्यातील बोध आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आता आपल्या नावाविषयी दोन शब्द. ‘पट्ट’ म्हणजे रेशीम. मंदसोर येथील प्रसिद्ध शिलालेखात रेशीम विणणाऱ्यांच्या एका श्रेणीची हकीकत आहे. हे लोक लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेकडून, दशपुरास गेले, त्यांनी इ. स. ४३७ च्या सुमारास सूर्यमंदिर बांधले आणि पुढे छत्तीस वर्षांनी त्याचा जीर्णोद्धार केला. ज्ञातीच्या इतिहासात असा उल्लेख सापडला की लगेच त्या श्रेणीशी आपला वंश जोडून दाखविण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो, कारण तसा पुरावा नाही. परंतु त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे. त्या श्रेणीतील काही जणांनी विणकाम सोडून धनुर्विद्या, ज्योतिष, कथाकथन असे निरनिराळे मार्ग धरले, तरीही मंदिराच्या कामी सारे एकत्र उभे राहिले. व्यवसाय बदलला म्हणून कमीपणा येत नाही. जो सोडला त्याची आठवण व विद्या सांभाळणे मात्र आपल्या हाती असते.

नशिराबादेचा काचेशी असलेला संबंधही सांगितला पाहिजे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत या गावाची ख्याती काचेच्या बांगड्यांच्या कामासाठी नोंदलेली आहे, आणि तीही पूर्वीची ख्याती म्हणून. म्हणजे ग्रंथकारांनी लेखणी उचलली तोवर ती भट्टी मंदावली होती. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट जळगाव-भुसावळपर्यंत पोचली आणि तिच्याबरोबर परदेशी काचही खेड्यापाड्यांत आली. व्हेनिसचे आणि बोहेमियाचे मोहरीएवढे एकसारखे मणी मुंबई बंदरात उतरत. १९१४ च्या महायुद्धात ऑस्ट्रियाकडून येणारा माल थांबला आणि त्याची जागा बव्हंशी जपानने घेतली. गावची काच गेली, पण त्या बारीक मण्यांनी घरातील बायकांच्या हातांना नवे काम दिले. तोरणे, देव्हाऱ्याचे पडदे, तांब्यावरची झाकणे आणि रुखवतात मांडावयाचे मण्यांनी मढविलेले नारळ ही त्या कामाची फळे होत. शेजारच्या सौराष्ट्रात मोतीकामाची मोठी परंपरा आहे. तेथे डोक्यावरची चुंबळही मण्यांनी मढवितात.

नारळ मढविणे म्हणजे गोल विणीची परीक्षाच. ती वीण थोडक्यात सांगतो, कारण हा लेख वाचून एखादीने सुई हाती घेतली तर आमचे श्रम सार्थकी लागतील. प्रथम तीन मणी ओवून त्यांचे कडे करून गाठ मारावी. दुसऱ्या फेरात त्या तीन मण्यांमधील प्रत्येक जागेत दोन दोन मणी घालावेत, सहा होतात. तिसऱ्या फेरात प्रत्येक दोन मण्यांमध्ये एकेकच घालावा, सहाच राहतात. चौथ्यात पुन्हा प्रत्येक जागेत दोन दोन, बारा होतात. पाचव्यात एकेक, बाराच. फेर पुरा होताच सुई त्याच फेरातील पहिल्या मण्यातून पुन्हा वर काढावी लागते, तरच पुढील फेर योग्य जागेवरून सुरू होतो. ही एक गोष्ट विसरली की फेर बंद होत नाही आणि काम गोगलगाईच्या शंखासारखे फिरत जाते. मणी वाढविण्यात कंजूषपणा केला तर चकतीची वाटी होते. हात सैल सोडला तर कडेला झालर पडते. वाढविणे पूर्ण थांबविले की नळी तयार होते, आणि त्याच नळीतून गळ्यातला गोफ किंवा हातातले कडे करता येते. दोऱ्यास मेण लावावे, म्हणजे तो पिळत नाही व मण्याच्या धारेने लवकर कापला जात नाही.

हे आम्हांस कोणी दुकानात शिकविले नाही. आमच्या आत्याबाईंच्या हातचा काळ्या-पांढऱ्या मण्यांचा एक नारळ घरात होता. आत्याबाई लहानपणी दुकानाच्या उंबऱ्याशी बसून आमच्या आजोबांचे हात न्याहाळीत. आत येण्याची मात्र त्यांना मुभा नव्हती. मुलगी परघरी जाणार, तिच्याबरोबर धंद्यातील खुबी बाहेर जाईल, अशी त्या काळची समजूत. आजोबांच्या गाठी त्यांनी पाहून पाहून उचलल्या, शेजारणींकडून मण्यांची वीण घेतली आणि दोन्हींचा मिलाफ आपल्या नारळात केला. त्यांच्या पश्चात तो नारळ फडताळात पडून राहिला. काही वर्षांपूर्वी एके जागी दोरा सुटलेला दिसला, तेव्हा आमच्या पुतणीने तो दुरुस्त करावयास घेतला. पुतणीने दोन फेर उसवून कागदावर मणी मांडले, आकडे लिहिले आणि मग विचारले, “काका, शेवटची गाठ ठुशीसारखीच का आहे?” आम्ही ती गाठ पाहिली आणि काही वेळ बोलू शकलो नाही. ती आजोबांचीच गाठ होती. त्यांच्या मुलांपैकी ती कोणालाही नीट साधली नव्हती. साधली होती ती उंबऱ्याबाहेर बसलेल्या मुलीला.

पुतणीची पहिली चकती वाटी झाली, दुसरीला झालर आली, तिसरी सपाट उतरली. आज ती गळ्यातले व कानांतले दागिने करते, आणि बंद करण्यास तीच गाठ वापरते.

आपल्या व्यवसायाच्या ऱ्हासाची कारणे सांगताना आपण नेहमी बाहेर बोट दाखवितो. यंत्राच्या साखळ्या आल्या, फासे आणि हूक आले, दोरा नको झाला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी झाले आणि सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. त्यांच्या मागोमाग पटवेकऱ्याचेही काम आटले. पुढे १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० साली रद्द झाला, तोवर एक पिढी दुसऱ्या उद्योगांस लागली होती. ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु जी विद्या आपण अर्ध्या घराला शिकविलीच नाही, ती अर्धी आधीच आपल्या हातून गेली होती, हेही तितकेच खरे आहे. हा दोष सरकारचा नव्हे, यंत्राचाही नव्हे.

म्हणून ज्ञातिबांधव व भगिनी यांस आमची तीन नम्र विधाने आहेत. एक, घरातील जुना दागिना मोडीत घालण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि दोरा उलगडताना गाठ कशी होती ते लिहून ठेवावे. दोन, आजी, आत्या, मावशी यांच्या हातचे मणीकाम असेल तर त्यावर करणारीचे नाव लिहून चिठ्ठी बांधावी. आमच्या वंशावळींत ही नावे नाहीत, निदान चिठ्ठीवर तरी असावीत. तीन, सुट्टीच्या दिवशी गाठ जाणणाऱ्या वृद्धांनी आणि वीण जाणणाऱ्या भगिनींनी एकाच सतरंजीवर बसून मुलामुलींना शिकवावे. त्यास भांडवल लागत नाही. बारीक सुई, मेणाचा तुकडा, पुडीभर मणी आणि चांगला उजेड एवढे पुरे.

या शिक्षणातून पुन्हा मोठा धंदा उभा राहील, असे आश्वासन आम्ही देत नाही. काही मुलींना त्यातून चार पैसे मिळतील, काहींना नुसता छंद होईल. परंतु गाठ हातात राहील. आत्याबाईंचा तो नारळ आता दुरुस्त होऊन फडताळातून बाहेर आला आहे आणि त्याच्या तळाशी पुतणीने त्यांचे नाव पांढऱ्या मण्यांत विणले आहे. ज्यांच्या घरी असे काही काम असेल त्यांनी ते पुढील स्मरणिकेसाठी अवश्य कळवावे, ही विनंती. इत्यलम्.