हरिपाठाचे रोजचे बळ
वारकरी पंथ डोळ्यांत भरतो तो आषाढी वारीमुळे; पण उरलेले वर्षभर श्रद्धा तगवली ती गळ्यातल्या तुळशीमाळेने, एकादशीच्या उपासाने आणि रोजच्या हरिपाठाने. ज्ञानदेवांच्या नावावरचे हे २७-२८ अभंग छोटे, यमकबद्ध. अक्षरओळख नसलेल्या कुणब्यालाही ते ऐकून पाठ होत. त्यासाठी ना भटजी लागे, ना दक्षिणा. रोजची घोकंपट्टी यांत्रिक होते, हा आक्षेप खोटा नाही. भक्तीचे सोंग घेणाऱ्यांवर तुकोबांनीच कोरडे ओढले आहेत. पण जी ओळ मुखोद्गतच नाही, तिचा अर्थ अडीअडचणीला आठवणार कसा? जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती १९१७ साली. तोवर पंथाचे शिक्षण मुख्यतः कीर्तनावर आणि अशा पाठांतरावरच चालले होते.