वाम्बुगूबाईंचे रताळे आणि भुकेच्या नावाने होणारे विज्ञान

जनुकीय बियाण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, या बियाण्यांना विरोध करणारे गरिबांच्या ताटातले अन्न काढून घेतात. दुसरी म्हणते, देशी बी, देशी गाय आणि पूर्वजांची शेती यातच उद्धार आहे. या दुसऱ्या बाजूला आमचा साधा प्रश्न आहे: पूर्वजांच्या त्या शेतीत आमचे पूर्वज कुठे उभे होते? खळ्याच्या कडेला, बलुत्याच्या पायलीची वाट पाहत. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काय सुनावले होते, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून परंपरेची आरती ओवाळत होणारा जनुकीय बियाण्यांचा विरोध हा आमचा विरोध नाही.

पण म्हणून पहिली बाजू आपोआप खरी ठरत नाही. ती तपासण्यासाठी केनियातल्या रताळ्याचा इतिहास पाहू.

डॉ. फ्लोरेन्स वाम्बुगू या केनियाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. घरात एकच गाय होती. ती विकून आईने या मुलीला माध्यमिक शाळेत पाठवले. आपल्या वस्त्यांतही अशा आया आहेत, त्यामुळे या गोष्टीचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. नैरोबी विद्यापीठ, अमेरिकेत एम.एस्सी., इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातून पीएच.डी., असा त्यांचा प्रवास झाला. विषय मात्र घरचाच राहिला: रताळे. पूर्व आफ्रिकेत हे उपवासाचे खाणे नव्हे, गरिबाच्या पोटाचा आधार आहे. ते बहुतेक बायाच लावतात, आणि मका हातचा गेला तरी जमिनीत रताळे असते. विषाणूजन्य रोगाने मात्र हे पीक मोठ्या प्रमाणात बसते.

१९९१ मध्ये वाम्बुगू अमेरिकन सरकारच्या मदतनिधीतून मोन्सँटो कंपनीच्या प्रयोगशाळेत गेल्या. विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचे जनुक रताळ्यात घालायचे, म्हणजे रोपाला त्या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती येईल, अशी कल्पना होती. कंपनीने हे तंत्र केनियाला स्वामित्वशुल्काशिवाय दिले. १९९९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी आफ्रिकेची बाजू मांडली. हरितक्रांती आफ्रिकेला चुकवून गेली, आता जैवतंत्रज्ञान तरी चुकवू नका. यात सारे तंत्र बियाण्यातच बांधलेले असते, शेतकऱ्याला पद्धत बदलावी लागत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पोट भरलेल्या युरोपने आम्ही काय पेरावे हे ठरवू नये, हाही त्यांचा रोख होता. आम्हाला यातला राग खोटा वाटत नाही. आपल्या वतीने दुसऱ्यांनी बोलण्याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

मात्र आफ्रिकेचा आवाज एकच नव्हता. १९९८ मध्ये भुकेल्या जगाच्या नावाने मोन्सँटोची जाहिरात मोहीम सुरू होती. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतील वाटाघाटींना आलेल्या आफ्रिकी प्रतिनिधींनी एक निवेदन काढले: आमच्या देशांतील गरिबीचे चित्र दाखवून कंपन्यांनी आपला माल खपवू नये. इथिओपियाचे शास्त्रज्ञ तेवोल्दे एग्झियाबहेर त्या काळात जैवसुरक्षेच्या वाटाघाटींत आफ्रिकी गटाचे नेतृत्व करीत होते. जानेवारी २००० मध्ये कार्टाजेना करार झाला. जनुकीय बियाणे देशात घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला मिळाला, त्यात या गटाचा वाटा मोठा होता. तेव्हा 'शास्त्रज्ञ विरुद्ध अडाणी' ही मांडणी तेव्हाही खोटी होती.

मग रताळ्याचे काय झाले? केनियाच्या कृषी संशोधन संस्थेने तीन वर्षे शेतावर चाचण्या घेतल्या. २००४ च्या सुरुवातीला निकाल बाहेर आला. जनुकीय रताळे विषाणूपुढे टिकले नाही. उलट शेजारच्या साध्या रताळ्याचे उत्पन्न जास्त आले.

या निकालावरून तंत्रच थोतांड आहे असे म्हणणारे चुकतात. हेच तंत्र हवाई बेटावर पपईवर चालले. डेनिस गोन्साल्विस हे मूळचे हवाईचेच शास्त्रज्ञ. त्यांच्या चमूने तिथल्याच विषाणूचे जनुक वापरले, आणि १९९८ मध्ये पपईचे बी शेतकऱ्यांना फुकट वाटले. बुडालेल्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या. केनियात मात्र रोगाचे मूळ गुंतागुंतीचे होते. तिथे रताळ्याचे खरे नुकसान एक विषाणू करत नाही. दोन मिळून करतात. एक मावा किडीने पसरतो, दुसरा पांढऱ्या माशीने. बंदोबस्त मात्र एकाचाच योजला होता. प्रश्न कोणत्या शेतात उभा राहून विचारला गेला, यावर उत्तर अवलंबून असते. गाय विकून शिकलेली शास्त्रज्ञ चमूत असूनही हे टळले नाही, कारण प्रकल्पाचा निधी, प्रयोगशाळा आणि जनुक तिच्या हातात नव्हते. प्रतिनिधित्व मिळाले पण निर्णयाधिकार मिळाला नाही, हे राजकारणात आपण रोज पाहतो. विज्ञानातही तेच घडते.

याच काळात युगांडात रॉबर्ट म्वांगा नावाचे शास्त्रज्ञ साध्या संकर-निवड पद्धतीने रताळ्याचे रोगाला तोंड देणारे वाण काढत होते. केप व्हर्देच्या मारिया आन्द्रादे मोझांबिकमध्ये दुष्काळात तगणाऱ्या वाणांवर काम करत होत्या. त्यांची रताळी आतून नारिंगी, म्हणजे अ जीवनसत्त्व देणारी. वेलाचा तुकडा तोडून शेजारणीला दिला की झाले, दुकानात जायला नको. २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळालेल्या चौघांत हे दोघे होते. त्याच वर्षी शंभराहून अधिक नोबेल विजेत्यांनी जनुकीय 'सोनेरी तांदळा'च्या बाजूने पत्र काढले. गाजले ते पत्र. म्वांगा आणि आन्द्रादे यांची नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली?

शास्त्रज्ञांच्या पत्रकांत भूक म्हणजे धान्याचा तुटवडा. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरून दाखवले की लोक मेले ते मुख्यतः धान्य विकत घेण्याची ऐपत गेल्याने. त्याच्याही कितीतरी आधी, १९१८ मध्ये, बाबासाहेबांनी लहान शेतांवरचा निबंध लिहिला. शेत लहान म्हणून शेतकरी गरीब, असे सारे पंडित सांगत होते. बाबासाहेबांनी विचारले: त्या शेतावर भांडवल आणि अवजारे किती आहेत? शेतीवर जादा झालेल्या माणसांना दुसरे काम कुठे आहे? आणि ज्यांना शेतच नाही त्यांचा प्रश्न दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत रस्त्यावर आणला. कितीही उत्तम बी असले, तरी ते पेरायला जमीन लागते.

आपल्या दारातले उदाहरण घ्या. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात बंदी असलेले एचटीबीटी कपाशीचे बी जाहीरपणे लावले गेले. तणनाशक फवारले तरी ही कपाशी जळत नाही, तेव्हा निंदणाचा खर्च वाचतो. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, मजूर मिळत नाहीत हेही खरे. पण वाचतो तो खर्च म्हणजे कोणाची तरी मजुरी असते. वऱ्हाडात निंदायला कोण जाते? भूमिहीन दलित आणि आदिवासी बाया. निंदणाचे काम कष्टाचे आहे, ते यंत्राने किंवा रसायनाने जावे याला आमची हरकत नाही. त्या जागी त्यांना कोणते काम आणि किती रोज मिळणार, तणनाशकाचा पंप पाठीवर कोण घेणार, याचे उत्तर ना समर्थकांच्या भाषणात होते, ना देशी बियाण्यांच्या मेळाव्यात. कृषी विद्यापीठांत शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी या बायांशी बोलून त्याची नोंद करायला घ्यावी. या हंगामात निंदणाचा रोज किती होता, किती दिवस काम मिळाले आणि तणनाशक आल्यापासून त्यातले किती दिवस गेले, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.