शिकणाऱ्याचे वाद्य

आपल्या मंडळाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद असावा आणि त्यासाठी लागणारी वाद्ये शिक्षण-निधीतून घ्यावीत, असा ठराव गतवर्षीच्या वार्षिक सभेत आला होता, हे सभासद बंधुभगिनींस स्मरत असेलच. ठरावास विरोध असा कोणी केला नाही. परंतु गोष्ट किमतीवर आली तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी, ‘मुलांनाच तर द्यावयाची आहेत, कसलीही चालतील’ असे उद्गार काढले, व सभेने ते हसून मान्य केले. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. जे बोलावयाचे होते ते सभेच्या पाच मिनिटांत मावणारे नव्हते. यंदा संपादक मंडळाने लेख मागितला, ती संधी साधून हे टिपण सादर करीत आहोत. आम्ही संगीतज्ञ नव्हे. केवळ एक निवृत्त शिक्षक आहोत. तथापि या विषयात आमच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि तिच्यामुळेच या इतिहासाकडे आमचे लक्ष वळले.

सन १९९१ मध्ये आम्ही ज्या खेड्यातील शाळेत नोकरीस होतो, त्या शाळेने गावात वर्गणी करून शहरातील एका दुकानातून दोन पेट्या, एक ढोल व चार बिगुल मागविले. दर इतका कमी की आम्ही सर्व शिक्षक स्वतःवर खूश होतो. पहिल्याच पावसाळ्यात एका पेटीच्या पट्ट्या फुगून अडकू लागल्या व दुसरीचा भाता वारा धरीना. दुकानदारास पत्र घातले, तेव्हा ‘पेटी येथे पाठवून द्या’ असे उत्तर आले. पाठविण्याचा खर्च कोणी करावयाचा, याविषयी पत्रात अक्षर नव्हते. आम्ही चिकटपट्टी लावून काम चालू ठेवले. सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. आवाज गोड, कान तीक्ष्ण. प्रार्थनेत धैवत आला की तो मध्येच गप्प होई. एकदा विचारले तेव्हा म्हणाला, “गुरुजी, तिथं पेटी चुकते.” आम्ही त्यास वर्गासमोर रागे भरलो. पेटी कशी चुकेल, चुकतोस तूच, असे आम्ही त्यास सांगितले. दोन वर्षांनी एका भजनी मंडळाबरोबर पेटी दुरुस्त करणारा एक कारागीर गावात आला. त्याने आमची पेटी उघडून, सूर वाजवून पाहिले आणि धैवत उतरलेला असल्याचे सांगितले. अर्ध्या तासात त्याने तो जागेवर आणला. तोपर्यंत त्या मुलाने प्रार्थनेत गाणे सोडून दिले होते, ते त्याने पुन्हा कधी धरले नाही.

स्वस्त वाद्य वाईटच असते असे या हकीकतीवरून कोणी समजू नये. स्वस्त आणि सुरेल वाद्य मिळण्याची सोय या देशात वारंवार झालेली आहे. मात्र ती कोठे व कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्यास सर्वांत जवळचे उदाहरण मिरजेचे. तेथील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले घडविणारे व त्यांस धार लावणारे. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर शस्त्रांची मागणी आटली व या कुशल हातांस काम उरले नाही. मिरज संस्थानचे पटवर्धन अधिपती संगीताचे शोकी. त्यांच्या दरबारी गवई व वादक येत. त्यांची वाद्ये बिघडत, आणि दुरुस्तीसाठी उत्तरेकडे पाठवावी लागत. फरीदसाहेब या शिकलगाराने ही दुरुस्ती हाती घेतली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८५० च्या सुमारास, दुरुस्ती करता करता तो स्वतः तंबोरे व सतारी घडवू लागला. म्हणजे मिरजेत आधी दुरुस्ती आली आणि मागाहून कारखाना आला! हा क्रम वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा.

तंबोऱ्याच्या घडणीत वस्तुतः महाग असे फारसे काही नाही. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेच्या काठी पिकणारा कडू भोपळा. तो महिनोन् महिने वाळवितात. लाकूड तुणीचे. खुंट्या, दांडी, तबली, घोडी हे सर्व हातानेच होते. किंमत आहे ती हातास व कानास, आणि त्यांतही विशेषेकरून जवारीस. घोडीचा माथा कानशीने इतका अल्पसा गोलसर घासावयाचा की तार तिच्यावर नुसती टेकून न राहता हलकेच खेळावी. तसे झाले म्हणजे तारेतून तो भरदार, गुंजणारा नाद उमटतो. कानस एक फेर जास्त चालली तर नाद बसतो. ही जवारी वापराने झिजते व पुनःपुन्हा काढावी लागते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले, ते १९३७ साली वारेपर्यंत त्या गावाशी बांधलेले होते. त्यांस वाद्यदुरुस्तीचा स्वतःचाच नाद होता. गवई आणि कारागीर एका गावात राहतात, गवई रागावून परत येऊ शकतो, आणि कारागीर त्याच्यासमोर कानस उचलतो. मिरजेच्या तंबोऱ्याचे नाव झाले ते आमच्या समजुतीप्रमाणे या शेजारामुळे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, ही आनंदाची गोष्ट होय.

परंतु तंबोरा वा सतार शाळेच्या वर्गात चालत नाही. पन्नास मुलांपुढे ती लावीत बसावयास तास पुरत नाही. तेथे पेटीच आली. पेटीचे मूळ पॅरिसचे. अलेक्झांडर दबाँ याने १८४० च्या सुमारास तेथे हार्मोनियम सिद्ध केली. ती पायाने भाता मारावयाची होती. आपल्याकडे लोक मांडी घालून बसणार, तेव्हा कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८८० च्या दशकात ती हातभात्याची व पेटीसारखी सुटसुटीत केली, असे मानले जाते. मग ती नाटकात शिरली, कीर्तनात शिरली, घरोघर गेली. कारण उघड आहे. ती सतारीसारखी रोज लावावी लागत नाही, शिकाऊ मुलाने कशीही दाबली तरी सूर निघतो, आणि किंमत मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यातली. गमक आणि मींड तिच्यावर निघत नाही, तिचे बारा सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असा आक्षेप मोठमोठ्यांनी घेतला. आकाशवाणीने तर १९४० साली तिला बंदी केली व ती सुमारे तीस वर्षे टिकली. आक्षेप खोटा नाही. तरी पेटी नसती तर आपल्या पिढीतील निम्म्या मुलांस सा कोठे लागतो हेही कळले नसते, असे आमचे मत आहे.

पेटी रोज लावावी लागत नाही, याचा अर्थ तिला काळजी लागत नाही असा मात्र लोकांनी उगाच केला. आतील पितळी पट्टी, जिला कारागीर सूर म्हणतात, ती टोकाशी किंचित खरवडली की सूर चढतो. बुडाशी खरवडली की उतरतो. काम एवढेसे, परंतु ते जाणणारा माणूस जवळ हवा. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांस हे पुरते ठाऊक होते. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून १९०८ मध्ये ते मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या विद्यालयाबरोबर वाद्ये तयार करण्याची व दुरुस्त करण्याची कार्यशाळाही होती. शिकविणे एका दालनात व डागडुजी दुसऱ्यात. पुढे १९२४ मध्ये कर्जापायी त्यांची मुंबईची इमारत गेली. त्या व्यवहाराची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे.

आता बँडाकडे वळू, कारण ठरावात बिगुल व ढोल यांचाही उल्लेख आहे. पितळी वाद्ये आपल्याकडे इंग्रजी पलटणींबरोबर आली. मीरतच्या छावणीत नादिर अली नावाचे एक बँडप्रमुख होते. त्यांनी १८८५ साली तेथे वाद्यांचे दुकान काढले. प्रथम माल विलायतेहून येई. पुढे १९११ च्या सुमारास त्यांच्या पेढीने स्वतःचा कारखाना घातला, आणि हळूहळू मीरतची जली कोठी ही पेठ अवघ्या हिंदुस्थानच्या बँडवाल्यांची बाजारपेठ बनली. लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या संचलनापर्यंत जो पितळी आवाज आपण ऐकतो, त्यातला फार मोठा भाग तेथला. विलायती कर्ण्याच्या तुलनेत किंमत अल्प; पत्रा कापावा, झाळावा, ठोकून आकारास आणावा.

अवघड जागा एकच, ती पडद्यांची. पडदा म्हणजे बोटाने दाबावयाची दट्ट्याची झडप. १८१८ साली प्रशियात तिचे पेटंट निघाले व त्यायोगे कर्ण्यात सर्व सूर वाजू लागले. दट्ट्या आपल्या नळीत इतका बरोबर बसला पाहिजे की वाराही सुटू नये व तो अडकूही नये. स्वस्त मालात खोट निघते ती येथेच. बिगुलास पडदे नसतात. म्हणून त्यात सा, प, वरचा सा, ग, प असे मोजकेच सूर निघतात. पण म्हणूनच त्यात बिघडावयासही काही नसते. आमच्या शाळेच्या त्या खरेदीत पेट्या वाया गेल्या, बिगुल मात्र आम्ही निवृत्त होईपर्यंत वाजत होते. पैसा थोडा असेल तर बहुत पडद्यांचे हलके वाद्य घेण्यापेक्षा साधे वाद्य चांगले घ्यावे, हे आम्ही त्यांच्यापासून शिकलो.

पैसे कसे द्यावेत, याचाही एक इतिहास आहे, तो परदेशातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील मार्कनॉयकिर्शेन व फ्रान्समधील मिरकूर या गावांत व्हायोलिने वाटणीने बनत. एक घर मान कोरी, दुसरे पोट, तिसरे रोगण लावी. त्यामुळे व्हायोलिन कमालीचे स्वस्त झाले. इंग्लंडात मेडस्टन या गावच्या शाळेत १८९७ च्या सुमारास मर्डोक नामक वाद्यविक्रेत्या पेढीच्या साह्याने मुलांचे व्हायोलिन-वर्ग निघाले. मुलांनी आठवड्यास काही पेन्स द्यावेत, त्यात शिकवणीही व्हावी व वाद्याची किंमतही फिटावी, अशी योजना होती. ती इतकी पसरली की लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो मुले एकत्र व्हायोलिन वाजवीत. पेढीचा त्यात नफा होता, हे सांगावयास नकोच. तरीपण मजुरांच्या मुलांच्या हाती व्हायोलिन आले, हेही तितकेच खरे. आपल्या ठरावात वाद्य फुकट द्यावे की कसे, यावर बरेच बोलणे झाले होते, म्हणून हे नमूद केले.

या सर्वांहून आम्हांस जे उदाहरण विशेष मोलाचे वाटते, ते मध्य प्रदेशातील मैहर या गावचे. बाबा अल्लाउद्दीन खाँ हे मूळ पूर्व बंगालचे. तरुणपणी कलकत्त्यास त्यांनी व्हायोलिन, क्लॅरिनेट, कॉर्नेट अशी विलायती वाद्येही आत्मसात केली. त्यांच्या तेथील गुरूंत लोबो नावाचे एक गोवेकर बँडमास्तर होते. १९१८ च्या सुमारास ते मैहरच्या राजा ब्रिजनाथ सिंह यांच्या पदरी आले. त्याच काळात साथीच्या रोगाने त्या प्रदेशात पुष्कळ मुले पोरकी झाली होती. बाबांनी अशा मुलांस गोळा करून त्यांचा वाद्यवृंद उभा केला. रविशंकर आणि अली अकबर यांचे गुरू म्हणून जग बाबांस ओळखते. पण त्यांच्या आधी ही पोरकी मुले त्यांचे शिष्य होती.

संस्थान लहान, वाद्ये आणावयाची कोठून? काही होती, काही बाबांनी कल्पनेने बनविली. संस्थानात निकामी बंदुका पडलेल्या होत्या. त्यांच्या नळ्या कमी-अधिक लांबीच्या कापून त्यांनी एक वाद्य सिद्ध केले, त्याचे नाव नलतरंग. काठ्यांनी नळ्यांवर आघात करावयाचा. शिक्षकाची खोड म्हणून येथे थोडे गणित सांगतो. तारेची लांबी निम्मी केली की सूर एक सप्तक चढतो. परंतु आघाताने वाजणाऱ्या नळीचे तसे नाही. तिची लांबी सुमारे सात-दशांश ठेवली तरी सप्तक पुरे होते. अर्थात प्रत्येक नळी कापताना कान लावून, थोडी थोडी घासत जावे लागले असणार. एकदा जास्त कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. निकामी बंदुकीस किंमत ती काय? पण ती कापणारा मनुष्य मुलांच्याच खोलीत बसलेला होता, आणि सूर चुकला तर तो प्रथम त्यालाच खुपत होता. बाबा १९७२ साली मैहर येथेच निवर्तले. त्यांचा वाद्यवृंद त्यांच्या मागेही चालू राहिला.

आता ठरावाविषयी आमची सूचना. पेट्या आणि तंबोरे मिरजेस जाऊन, कारागिराच्या ओट्यावर बसून, वाजवून घ्यावेत. वर्षातून एकदा वसतिगृहात येऊन सूर व जवारी पाहण्याचे त्याच्याशी तेव्हाच ठरवावे व तो खर्च खरेदीच्या रकमेतूनच बाजूला काढावा. त्यापायी सहा पेट्यांच्या जागी चार आल्या तरी हरकत नाही. बिगुल घ्यावेत, पडद्यांची वाद्ये पुढे पाहू. खरेदीस जाताना वसतिगृहातील चांगल्या कानाची दोन मुले बरोबर न्यावीत, आणि त्यांनी एखाद्या सुरावर मान हलविली तर ती पेटी तेथेच ठेवावी. समितीने दिवस ठरविल्यास आम्हीही स्वखर्चाने येऊ.