वादळाच्या मागावर

अमेरिकेच्या मधोमध, टेक्ससपासून उत्तर डकोटापर्यंत पसरलेल्या मैदानांवर दर उन्हाळ्याच्या तोंडाशी शेकडो माणसे कॅमेरे घेऊन गाड्या काढतात आणि ज्या ढगापासून इतरांनी पळ काढावा त्याच्याच रोखाने निघतात. हा प्रकार १९९६ सालच्या ‘ट्विस्टर’ या चित्रपटाने जन्माला घातला, असे पुष्कळांना वाटते. थोडे अधिक जाणणारे ओक्लाहोमातल्या नॉर्मन येथील राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेकडे आणि तिथे १९७२ साली सुरू झालेल्या, टोर्नेडो गाठण्याच्या प्रकल्पाकडे बोट दाखवतात. मला दोन्ही वंशावळी अपुऱ्या वाटतात. वादळाच्या पाठलागाचे मूळ थरारात नाही आणि प्रयोगशाळेतही नाही. वादळ कुठे उठेल याचा अंदाज आधी बांधायचा, तिथे जाऊन उभे राहायचे आणि तो खरा ठरतो का हे डोळ्यांनी पाहायचे, या हट्टात ते आहे. त्या पाहण्याचा पुरावा म्हणून छायाचित्र आले, आणि पुढे विज्ञानाने आपली यंत्रे याच पुराव्यावर घासून पाहिली.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचाच येईल. बेंजामिन फ्रँकलिनने १७५५ साली मेरीलँडमध्ये धुळीच्या एका वावटळीमागे घोडा घातला होता, मग पहिला मान त्याचा का नाही? कारण ती वावटळ त्याला वाटेत भेटली होती. समोर आलेल्या गोष्टीमागे धावणे वेगळे आणि जी अजून आकाशात उमटलेलीही नाही तिच्यासाठी सकाळीच घर सोडणे वेगळे. ए. ए. अ‍ॅडम्स यांनी एप्रिल १८८४ मध्ये कॅन्ससमधील गार्नेट गावातून टोर्नेडोचे छायाचित्र घेतले. ज्ञात छायाचित्रांतले ते सर्वांत जुने मानले जाते, पण तोही टोर्नेडो आपणहून गावाजवळून गेला होता. खरा पाठलाग सुरू व्हायला अंदाजाची सोय हवी होती, आणि नेमकी तीच नव्हती. लोक घाबरतील या भीतीने सरकारी हवामानखाते कित्येक दशके अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरू देत नसे. मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी त्याच दिवसासाठी टोर्नेडोचा इशारा दिला आणि तो खरा ठरला. ही कोंडी तिथे फुटली. पाच वर्षांनी, १९५३ साली, मिनेसोटा-डकोटाच्या सीमाभागात रॉजर जेन्सन वादळांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरू लागला, तर १९५६ पासून बिस्मार्कचा डेव्हिड होडली. दोघांपैकी कोणीही पेशाने हवामानशास्त्रज्ञ नव्हता. होडली हवामानाच्या आकड्यांवरून स्वतः नकाशे काढी, उष्ण दमट वारा आणि कोरडा वारा कुठे भिडतील ते ठरवी आणि मग गाडी काढी. जमिनीनेही त्यांना साथ दिली. सरकारी मोजणीने मैलामैलावर आखलेले काटकोनी रस्ते आणि क्षितिजापर्यंत मोकळी नजर जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. होडलीनेच १९७७ साली ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे नियतकालिक काढले, तेव्हा विखुरलेल्या या माणसांना प्रथमच एकमेकांचा पत्ता लागला.

हौशी लोकांची छायाचित्रे ही निव्वळ हौस होती, असे म्हणणाऱ्यांनी २० जून १९५७ चा फार्गो येथील टोर्नेडो पाहावा. टेड फुजिता या शास्त्रज्ञाने शहरातल्या सामान्य नागरिकांनी टिपलेली शंभराहून जास्त छायाचित्रे गोळा केली, प्रत्येक कुठून आणि केव्हा घेतले हे शोधले आणि त्यावरून ढगाची रचना मांडली. मुख्य ढगाच्या तळाखाली लोंबणारा, संथपणे फिरणारा जो भाग आज ‘वॉल क्लाउड’ म्हणून पाठलाग करणारा प्रत्येकजण ओळखतो, त्याचे नाव या अभ्यासातून आले. ४ मे १९६१ रोजी नील वॉर्ड हा सरकारी हवामानतज्ज्ञ ओक्लाहोमाच्या महामार्ग पोलिसांच्या गाडीतून गिअरीजवळच्या वादळामागे गेला, आणि शास्त्रज्ञाने केलेला पहिला पाठलाग म्हणून त्याची नोंद झाली. मग २४ मे १९७३ उजाडला. युनियन सिटी या छोट्या गावावर आलेला टोर्नेडो नॉर्मनच्या त्या प्रकल्पातल्या चमूंनी जमिनीवरून जन्मापासून विरेपर्यंत चित्रित केला, आणि त्याच वेळी नॉर्मनचे, वाऱ्याची गती टिपणारे डॉप्लर रडार त्याच ढगाकडे पाहत होते. नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर रडारवर एक खूण सापडली: अगदी लगतच्या दोन ठिपक्यांत वाऱ्याची दिशा एकदम उलटलेली. टोर्नेडोची सोंड जमिनीला टेकण्याआधीच ही खूण ढगाच्या मधल्या थरात उमटली होती. अमेरिकाभर डॉप्लर रडारचे जाळे उभारण्यामागे हा पुरावा होता. रस्त्यावर फिल्म फिरत नसती, तर पडद्यावरच्या त्या ठिपक्यांचा अर्थ कोणी सांगितला असता?

आता रडार आहे, मग माणसाने तिथे जायचे कशाला? हा आक्षेप वजनदार आहे, पण पृथ्वीचा गोलवा त्याच्या आड येतो. रडारचा झोत किंचित वर रोखलेला असतो आणि खाली जमीन वळत जाते. त्यामुळे शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून किलोमीटरभराहून उंच गेलेला असतो. टोर्नेडोने घर पाडायचे ते या उंचीच्या खाली. तिथे सोंड टेकली की नाही हे आग्नेयेला, पाऊस आणि गारांच्या माऱ्याबाहेर उभा असलेला माणूसच नक्की सांगू शकतो. ढगात शिरणारा उबदार वारा त्याच्या पाठीवर येत असतो आणि तळ समोर स्वच्छ दिसत असतो.

गर्दीबद्दलचा आक्षेप मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही. वादळी दिवशी ओक्लाहोमातल्या गावरस्त्यांवर वाहनांची रांग लागते, आणि त्यांतल्या अनेकांनी स्वतःचा अंदाज बांधलेला नसतो, दुसऱ्याच्या गाडीचा ठिपका पडद्यावरच्या नकाशात पाहून ते आलेले असतात. वर सांगितलेल्या कुळाशी त्यांचे नाते फार पातळ आहे. पण धोका नवशिक्यांपुरताच असतो, हे म्हणणे ओक्लाहोमातल्या एल रेनोने खोटे ठरवले. ३१ मे २०१३ रोजी तिथला टोर्नेडो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला, वाट बदलत गेला, आणि त्याने टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचे प्राण घेतले. समारस या क्षेत्रातले अत्यंत सावध संशोधक म्हणून ओळखले जात. तरीही त्या संध्याकाळी पाठलाग करणाऱ्यांनी टिपलेली चित्रे वाया गेली नाहीत. संशोधकांनी ती मागवून घेतली, त्यांची वेळ आणि जागा जुळवली आणि फिरत्या रडारच्या नोंदींशी ताडून पाहिली. जाना हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की, तिथे भोवरा वरून खाली उतरला नाही. तो जमिनीलगत आधी दिसला आणि वरच्या थरांत नंतर. युनियन सिटीने वरून येणारी पूर्वसूचना शिकवली होती आणि इशाऱ्यांची घडी तीवरच बसली आहे. प्रत्येक टोर्नेडो अशी सूचना देईलच असे आता धरता येत नाही, आणि जमिनीलगतची ती पहिली मिनिटे अजूनही मुख्यतः रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतच सापडतात.