खानदेशचें सागरद्वार : सुवाली

खानदेशच्या इतिहासाचा विचार करतांना आपली दृष्टि सातपुडा, अजिंठ्याचा डोंगर आणि बऱ्हाणपूरची वाट यांपलीकडे सहसा जात नाहीं. या प्रांताचा समुद्राशीं संबंध काय, असें कोणीहि विचारील. परंतु सूर्यकन्या तापी मुलताईस उगम पावून पश्चिमसमुद्रास मिळते, आणि तिच्या मुखाच्या उत्तरेस सुवालीचा जो किनारा आहे, तेंच सतराव्या शतकांत खानदेशचें खरें सागरद्वार होतें, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

‘सुरत बंदर’ हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी मोठीं जहाजें सुरतेपर्यंत येत नसत. नदीमुखांतील वाळूच्या दांड्यामुळें त्यांना आंत शिरणें कठीण होतें. सुवालीस मात्र किनाऱ्याला समांतर असा वाळूचा लांब बांध समुद्रांतच पडला होता. ओहोटीच्या वेळीं तो उघडा पडे, बाहेरच्या लाटा त्यावर फुटत, आणि आडोशाच्या खोल पाण्यांत जहाजें निर्धास्त राहत. १६१२ च्या नोव्हेंबरांत कॅप्टन बेस्ट यानें येथेंच पोर्तुगीजांशीं सामना दिला. १६१५ मध्यें सर टॉमस रो येथेंच उतरला. (सुवाली या नांवाची संस्कृत व्युत्पत्ति शोधण्याचा मोह मलाहि झाला होता, परंतु अरबी ‘सवाहिल’ म्हणजे किनारे, या शब्दापासून तें आलें असावें हें अनुमान अधिक सयुक्तिक दिसतें.)

रो पुढें बऱ्हाणपुरास गेला तो नंदुरबार, शिंदखेडें, थाळनेर, चोपडें, रावेर या वाटेनें. हीच वाट उलट दिशेनें धरून धरणगांव-नंदुरबारकडचे बाफ्ते सुरतेस जात आणि परदेशीं ‘सुरतेचें कापड’ म्हणून विकले जात. पावसाळ्यांत सुवालीचा आडोसा निरुपयोगी होई. जहाजांचा मुक्काम साधारणपणें सप्टेंबरपासून मार्चपर्यंत. म्हणजे आमच्या कोष्ट्यांच्या मागाचें वेळापत्रक दूरच्या वाऱ्यांनीं ठरविलें होतें. १६३० च्या दुष्काळांत पीटर मंडी याच वाटेनें गेला. त्यास रस्त्याच्या कडेस प्रेतें पडलेलीं दिसलीं.

शिवाजीमहाराजांच्या स्वाऱ्यांचा अर्थहि या वाटेवरून अधिक स्पष्ट होतो. १६६४ व १६७० ची सुरत आणि १६७५ चें धरणगांव, जेथें आदल्याच वर्षीं इंग्रजांची वखार होती, हीं आपण निरनिराळीं प्रकरणें मानतों. वस्तुतः तीं एकाच व्यापारमार्गाचीं दोन टोकें होत.

१६८७ मध्यें इंग्रजांचें मुख्य ठाणें मुंबईस गेलें. १६९७ मध्यें जॉन व्हॉक्स हा कंपनीचा अधिकारी पत्नीसह तापीमुखाशीं बुडून मेला. त्याचें उंच थडगें पुढें दर्यावर्दी लोकांची खूण झालें, आणि त्याच परिसरांत कालांतरानें हजीऱ्याचें दीपगृह उभें राहिलें. १९०० च्या सुमारास सुरत-अमळनेर लोहमार्ग सुरू झाला खरा, पण तोंवर खानदेशचा कापूस भुसावळ-चाळीसगांवच्या मार्गानें मुंबईस वळला होता. सुवालीस आतां सुरतकर हवा खाण्यास जातात.

नंदुरबार, धरणगांव, चोपडें येथील जुन्या पेढ्यांच्या चोपड्यांत सुवालीचा उल्लेख कोणास आढळल्यास त्यांनीं त्याची नक्कल संपादकांकडे अवश्य पाठवावी.