जुबिली, गहाण आणि सोडविणारा आप्त

आपल्या धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेसाठी एखादा इतिहासपर लेख लिहावा, अशी सूचना आम्हांस झाली. चर्चच्या भिंती केव्हा उभ्या राहिल्या व घंटा कोणी अर्पण केली, हा वृत्तांत इतर लेखकांच्या वाट्यास गेला असल्यामुळे आम्ही 'जुबिली' या शब्दाकडेच वळलो. हा शब्द इब्री भाषेतील 'योबेल' या शब्दापासून निघालेला असून योबेल म्हणजे एडक्याचे शिंग. लेवीयांच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात इस्राएल लोकांस आज्ञा आहे, की सात वेळा सात वर्षे लोटल्यावर ५० व्या वर्षी शिंग फुंकावे. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी आणि दारिद्र्यापायी ज्याने स्वतःस विकले असेल त्याने मोकळे होऊन आपल्या कुळात परतावे. रोषणाई, मेजवानी व छापील पुस्तिका ही सर्व मागाहून आली. मूळची जुबिली म्हणजे गहाण सुटण्याचे वर्ष होय.

परंतु जो आज विकला गेला त्याने ५० वे वर्ष उजाडेपर्यंत वाट पाहावी काय? त्याच अध्यायात त्याचीही तरतूद आहे. भाऊ, चुलता, चुलतभाऊ किंवा रक्ताचा कोणीही नातलग मोल भरून त्यास मधेच सोडवू शकत असे. अशा नातलगास इब्रीत 'गोएल' म्हणत. रूथच्या कथेतील बवाज हा असाच गोएल. येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. परक्याने दाम मोजले तर गुलामाचा केवळ धनी बदलतो. आप्ताने मोजले तर तो घरी येतो. भावाने सावकाराचे देणे भागवून जमीन सोडविली म्हणजे घरातील माणसांस काय वाटते, हे आमच्या शेतकरी बांधवांस आम्ही सांगावयास नको. 'तारण' हा आपला शब्द तर सावकाराच्या वहीत आणि आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात, दोन्हीकडे सापडतो.

प्रभु येशूच्या मरणाचा अर्थ सांगताना पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हाच शब्द उचलला. रोमी साम्राज्यातील प्रत्येक मोठ्या शहरात माणसांचा बाजार भरत होता, आणि संत पौलाच्या पत्रांचे श्रोते असलेल्यांत कित्येक जण स्वतः दास होते. तुम्हांस मोल देऊन घेतले आहे, असे जेव्हा त्याने करिंथ येथील लोकांस कळविले, तेव्हा त्यांस तो अलंकार वाटला नसेल.

पुढे ख्रिस्तसभेने या शब्दाप्रमाणे प्रत्यक्ष वागणारे व्रतस्थ संघ उभे केले. संत जॉन द माथा यांच्या त्रैक्य संघास ३ रे इनोसंट या पोपमहाशयांनी ११९८ साली मान्यता दिली. संघाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बंदिवानांच्या सुटकेसाठी राखून ठेवावयाचा, असा त्यांचा नियम होता. १२१८ साली बार्सेलोना येथे संत पीटर नोलास्को यांनी स्थापिलेल्या संघाचे सभासद तर चौथे व्रत घेत: पैसा पुरला नाही आणि बंदिवानाची श्रद्धा धोक्यात असली, तर त्याच्या जागी स्वतः ओलीस राहावे. पुढे 'डॉन किहोते' लिहून जगप्रसिद्ध झालेला सर्व्हांटेस १५७५ साली समुद्रावर पकडला जाऊन पाच वर्षे अल्जियर्स येथे कैदेत होता. चारदा पळून जाण्याचा त्याचा यत्न फसला. आई व बहीण यांनी जमविलेली रक्कम अपुरी पडली, तेव्हा त्रैक्य संघाच्या फादर हुआन हिल यांनी तेथील व्यापाऱ्यांकडे पदर पसरून ५०० सोन्याची नाणी पुरी केली. १९ सप्टेंबर १५८० रोजी तो सुटला, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलकडे निघावयाच्या गलबतावर त्यास चढविलेही होते.

सर्व्हांटेसला नाव होते, आई होती, बहीण होती. जिचे नाव तिला स्वतःलाच आठवत नाही, अशा मुलीचे काय?

सुदानातील दार्फुर प्रांतात १८६९ च्या सुमारास अशी एक मुलगी जन्मली. सात-आठ वर्षांची असता गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिला शेतातून पळविले. भीतीने ती आपले नावच विसरली, आणि चोरांनी तिला 'बखिता', म्हणजे भाग्यवती, असे नाव दिले. एल ओबेद व खार्टूम येथील बाजारांत ती वारंवार विकली गेली. एका तुर्की अंमलदाराच्या घरी तिच्या अंगावर वस्तऱ्याने नक्षी कापून जखमांत मीठ चोळले. त्याचे शंभराहून अधिक व्रण तिने जन्मभर वागविले. अखेर इटलीच्या वकिलाने, कालिस्तो लेन्यानी याने, तिला विकत घेतले आणि १८८५ साली ती त्याच्याबरोबर इटलीस आली. जिनोव्हा बंदरात उतरल्यावर त्याने तिला मिकिएली नावाच्या एका स्नेही कुटुंबास देऊन टाकले. तेथे ती त्यांच्या लहान मुलीस सांभाळू लागली. त्यांच्या कारभाऱ्याने तिला चांदीचा एक लहानसा क्रूस दिला, आणि देवाचा पुत्र तुझ्यासाठी मेला, असे सांगितले. क्रूस म्हणजे काय, हे तिला तोवर ठाऊक नव्हते.

१८८८ साली तिला व त्या मुलीस व्हेनिस येथील कनोसा भगिनींच्या हवाली करण्यात आले. (मुंबईकडील वाचकांस या भगिनी माहीमच्या शाळेवरून परिचित आहेत.) योगायोग असा, की त्याच वर्षी १३ वे लिओ या पोपमहाशयांनी ब्राझीलच्या महागुरूंस पत्र लिहून गुलामगिरीचा निषेध केला. हा निषेध शेकडो वर्षे आधी व अधिक जोराने व्हावयास हवा होता, असे आमचे मत आहे. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या ख्रिस्ती घरांतूनही गुलाम राबत होते, हे आपण लपवू नये.

धनीण परत नेण्यास आली, तेव्हा बखिताने जाण्याचे नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निर्णय झाला, की इटलीच्या कायद्यास गुलामगिरी मान्य नसल्यामुळे ही मुलगी कोणाचीही मालमत्ता नाही. म्हणजे जिनोव्हास पाऊल ठेवले त्या दिवसापासून चार वर्षे ती मोकळीच होती. तिला कोणी सांगितले नव्हते इतकेच. आमच्या धर्मग्रामातील कित्येक भाविक जीव स्नानसंस्काराने देवाचे झाले असूनही जन्मभर भीत भीत जगतात, त्यांस पाहून आम्हांस या चार वर्षांची आठवण होते.

९ जानेवारी १८९० रोजी तिला योसेफिना या नावाने स्नानसंस्कार, तसेच दृढीकरण व प्रथम ख्रिस्तशरीर मिळाले. पुढे ती त्या स्नानकुंडास चुंबन देताना पुष्कळदा दिसे, आणि येथे मी देवाची कन्या झाले, असे म्हणे. देवास ती 'पारोन' म्हणत असे. व्हेनिसच्या बोलीत पारोन म्हणजे धनी. जिने इतके क्रूर धनी पाहिले तिने तोच शब्द देवासाठी राखावा, हे प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु हा धनी तिच्यासाठी स्वतः फटके खाऊन मेला होता. गोएल तो हाच.

१८९६ साली तिने व्रते घेतली आणि १९०२ पासून स्कियो गावच्या मठात स्वयंपाक, भरतकाम व दाराची राखण ही कामे केली. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४७ साली ठरविले आहे, की आपण शेवटपर्यंत टिकूच, असे खास प्रकटीकरणावाचून कोणी निःसंशय म्हणू नये. पण देवाच्या साहाय्यावर सर्वांनी दृढ आशा ठेवावी. ही आशा म्हणजे जखमांचा विसर नव्हे. अखेरच्या दुखण्यात भ्रम होऊन बखिता सुश्रूषा करणाऱ्या भगिनीस विनवीत असे, की साखळ्या फार जड आहेत, जरा सैल करा. मुक्तीस ५७ वर्षे लोटली होती, तरी शरीराने ते ओझे सोडले नव्हते. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी ती देवाघरी गेली, आणि १ ऑक्टोबर २००० रोजी ती संत म्हणून घोषित झाली.

मरणाविषयी ती सांगे, की मी दोन गाठोडी घेऊन हळूहळू निघाले आहे. एकात माझी पापे आहेत, आणि दुसरे, जे कितीतरी जड आहे, त्यात येशूचे पुण्य आहे. देवासमोर गेल्यावर आपले गाठोडे पवित्र मातेच्या पुण्याने झाकावयाचे, दुसरे उघडावयाचे, आणि आता न्याय करा, असे म्हणावयाचे. मग संत पेत्राकडे वळून त्यास सांगावयाचे, की दार लावून घ्या, मी आता येथेच राहणार.